दीड तासाचा किल्ला

हा माझा सख्खा धाकटा भाऊ. आधीच सांगून ठेवतो, कारण डेपोत त्याला कुणी ‘हँडब्रेक’ म्हणतं, कुणी नुसतं ‘ए ड्रायव्हर’ म्हणतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं कुणी ऐरागैरा असेल. ऐरागैरा नाही, माझा भाऊ आहे. मी थोरला. नाक्यावर माझं टायरचं दुकान आहे. पंक्चर काढावं तर माझ्याकडेच, हे गावात कुणालाही विचारा, मी माझ्या तोंडानं कशाला सांगू? शाळा माझी सातवीत सुटली, त्याची आठवीत. म्हणजे शिक्षणात तो माझ्यापुढे एक इयत्ता आहे, तेवढं मी मोठ्या मनानं मान्य करतो. पण गाडी चालवायला त्याला मी शिकवलं.

आणि काय शिकला! वीसेक वर्षं झाली, पर्यटकांची मोठी बस चालवतो. सकाळी इथून माणसं भरायची, घाट चढून जुन्या शहरात न्यायची, किल्ला, संग्रहालय, मनोरा दाखवायचा आणि दिवेलागणीला परत आणून सोडायची. इतक्या वर्षांत कुणाला घासलेला नाही. घाटात बायका त्याच्या गाडीत खुशाल झोपतात. दुसऱ्याच्या गाडीत त्याच बायका डोळे मिटून बसतात, पण झोपेनं नव्हे.

पण जुन्या शहराबद्दल त्याला विचाराल, तर तो काय सांगेल? एखादा हौशी प्रवासी विचारतो, “काय हो ड्रायव्हर, किल्ल्यात बघण्यासारखं काय आहे?” हा म्हणतो, “दीड तास आहे.” संग्रहालय एक तासाचं. मनोरा अर्ध्या तासाचा, गुडघेदुखीवाले जास्त असतील तर पाऊण. कारण आत तो कधी गेलेलाच नाही. गाडी सोडून हलायचं नाही, ही माझी शिकवण, आणि ती त्यानं अशी पाळली की काय सांगू! माणसं आत गेली की हा काच पुसणार, टायरला लाथ मारून बघणार, कुणाची पिशवी सीटवरून घरंगळली असेल तर वर ठेवणार, आणि बाहेर पडायच्या दारासमोर जाऊन उभा राहणार. माणसं आली की डोकी मोजणार. “आलं ना सगळं? काही विसरलं नाही ना?”

ही सवय अंगात इतकी मुरली की घरीसुद्धा तो दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. माझ्या पोराच्या लग्नात सगळ्या गाड्या त्यानं सांभाळल्या. एकीलाही ओरखडा नाही. फोटोच्या वेळी हाका मारल्या, तर म्हणाला, “तुम्ही घ्या उरकून, मी आहे इथं.” फोटोत सगळं घराणं आहे, तो नाही. त्याच्या ऐन उमेदीत एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलीच्या घरी आम्ही सगळे बोलणी करायला आत, आणि नवरामुलगा बाहेर गाडीत. गल्ली अरुंद होती म्हणे, एखादा हातगाडीवाला घासून गेला असता. मुलीचा बाप मला म्हणाला, “मुलगा कुठाय?” मी म्हटलं, “गाडीत.” तो म्हणाला, “मग गाडीशीच जुळवा त्याचं.”

ते तिथंच मिटलं. माझ्या दुकानावरच्या खोलीत तो राहतो. संध्याकाळी वरून रेडिओचा आवाज येतो. एकदा माझी बायको ताट घेऊन वर गेली, तर रेडिओ आपला बोलतोय आणि हा खिडकीशी उभा, खाली रस्त्याकडे बघत.

“कोण यायचंय, भावजी?”

“कुणी नाही, वहिनी. उभा आहे.”

ती खाली येऊन बराच वेळ काही बोलली नाही. आणि माझ्या बायकोनं गप्प बसणं म्हणजे काय, ते मलाच माहीत.

तर आता छत्रीबाई. डेपोच्या अंगणात, कॅन्टीनला लागून, हरवलेल्या सामानाची खोली आहे. बसमध्ये लोक काय काय विसरतात! चष्मे, डबे, एकेकटे बूट, दातांची कवळी, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट. आणि छत्र्या तर विचारूच नका. ही खोली जी सांभाळते ती छत्रीबाई. हे काही तिचं नाव नव्हे, पण डेपोत दुसऱ्या नावानं हाक मारलीत तर ती स्वतःसुद्धा वळून बघायची नाही. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. खोलीच्या खिडकीला जाळी आहे, जाळीखाली वस्तू सरकवायला फट. बाजूला दार, आणि दारावर पाटी, ‘आत येऊ नये’.

रोज सकाळी गाडी काढायच्या आधी धाकटा आदल्या दिवशीचं सापडलेलं सामान त्या फटीतून सरकवायचा.

“आज काय?”

“एक छत्री, एक मफलर. आणि हा चष्म्याचा एक कान.”

“आणि बाकीचा चष्मा?”

“बाकीचा त्यांच्या नाकावरच असेल, बाई. वाकडा.”

ती हसायची. एवढ्या बोलण्यावर याचा अख्खा दिवस निघायचा. ज्या दिवशी लोक काहीच विसरायचे नाहीत, त्या दिवशी याचं तोंड उतरलेलं. एकदा त्यानं आपलीच छत्री नेऊन जमा केली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली. दांड्यावर याच्याच बसचा नंबर रंगवलेला. दोन दिवसांनी ‘मालक सापडला’ म्हणून फटीतून परत दिली.

आणि मग एक दिवस ती म्हणाली, “माझ्या ताईचा निरोप आलाय. तिचे गुडघे गेलेत. म्हणते, तिथं एकटी काय करतेस, इकडे ये कायमची.”

“मग?”

“मग काय? सोमवारी सकाळी फोन करून सांगते म्हटलंय.” हातातली छत्री तिनं उगाचच उघडली आणि मिटली. “इतकी वर्षं त्या जुन्या शहरातलं सामान सांभाळलं. शहर मात्र बघितलं नाही. आता जायचंच झालं, तर तेवढं राहून जाईल.”

आमच्या धाकट्याला दोन वाक्यं बोलायला दोन स्टॉप लागतात. पण त्या दिवशी तो एका दमात म्हणाला, “रविवारी मला सुट्टी आहे. मी दाखवतो.”

शनिवारी संध्याकाळी मी त्याला दुकानात टायरवर बसवलं. “काय विचारायचं, ते ठरलंय ना?”

“जाऊ नका म्हणायचं.”

“आणि?”

“आणि राहा.”

“कुठं राहा? रस्त्यावर? अरे, तोंडानं बोल!”

“आमच्याकडे.”

माझी बायको आतून ओरडली, “माझ्याकडे म्हणा, भावजी! आमच्याकडे म्हटलंत तर तिला वाटेल, दुकानात झाडू मारायला बोलावताय.”

माझा चांगला शर्ट मी त्याला दिला. बाह्या जरा आखूड झाल्या, कारण हाडानं तो मोठा, मानानं मी.

रविवारी दोघं साध्या बसनं निघाली. तिच्याकडे एक कापडी पिशवी आणि स्वतःची छत्री. छत्रीची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

“इतक्या छत्र्या पडल्यात तुमच्याकडे,” तो म्हणाला. “एखादी धड तरी घ्यायची.”

“त्या लोकांच्या आहेत. येतील न्यायला.”

“कुणी येत नाही हो.”

“येत नाही म्हणून काय आपली होते?”

घाटात त्याचा उजवा पाय सारखा फळीवर दाबला जात होता. तिनं विचारलं, “पाय दुखतोय का?” तो म्हणाला, “नाही. हा ड्रायव्हर ब्रेक उशिरा मारतोय.” मग त्यानं मनातल्या मनात ठरवलं, किल्ल्यात विचारायचं. आत निवांत असतं, असं लोक म्हणतात.

किल्ल्याच्या तिकीट खिडकीतला माणूस त्याच्या चांगल्या ओळखीचा. “काय हँडब्रेक, रविवारीसुद्धा?”

“एक द्या,” धाकटा म्हणाला.

तोंडातून गेलं ते गेलं. ड्रायव्हरला तिकीट लागत नाही, कारण ड्रायव्हर आत जातच नाही. तिकीट हातात आलं, त्यानं ते तिच्या हातात दिलं, आणि पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं. “जाऊन या निवांत. मी बाहेर पडायच्या दाराशी आहे.”

ती थांबली. “तुम्ही नाही येत?”

“मी आहे की इथं.”

ती एकदा तिकिटाकडे, एकदा त्याच्याकडे बघून आत गेली. कमानीखाली तिची पाठ दिसेनाशी झाली, तेव्हा कुठं याच्या डोक्यात उजेड पडला. तो मागे वळला, तर तोवर दोन बसगाड्या रिकाम्या झाल्या होत्या आणि तिकिटाची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. रांगेत उभं राहावं, तर तेवढ्यात ती बाहेर आली म्हणजे? बाहेर आली आणि दाराशी कुणीच नाही, असं व्हायला नको. हा विचार आला आणि तो निमूट बाहेरच्या दाराकडे गेला.

एका मोठ्या झाडाखाली त्याची बस रोज उभी असते. तिथं जमिनीवर तिनंच पाडलेला तेलाचा काळा डाग आहे. तो त्या डागाशेजारी उभा राहिला. हात सवयीनं फडक्याकडे गेला, फडकं नव्हतं. काच पुसायची, तर काचही नव्हती. दुसरे ड्रायव्हर लांबून ओरडले, “काय रे, गाडी विकून खाल्लीस का?” तो हसला. मग भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाला, “बाई, जाऊ नका.” भिंतीला ते पटलेलं दिसलं. त्यानं पुन्हा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा ‘बाई’च्या पुढं गेलं नाही.

ती बाहेर आली. यानं बोट पुढं करून मोजलं, एक. आणि झालं, निघालंच तोंडातून, “आलं ना सगळं? काही विसरलं नाही ना?”

“काय विसरणार? एकटीच तर होते.”

“कसा वाटला?”

“मोठा आहे.” ती छत्री उघडत म्हणाली. “आत एक खोल विहीर आहे. आत वाकून हाक मारली की हाक परत येते. लोक एकमेकांची नावं घेऊन ओरडत होते.”

“तुम्ही ओरडलात?”

“कुणाचं नाव घेऊ?”

त्याच्या जिभेच्या टोकावर काहीतरी आलं होतं. तेवढ्यात एक बस मागे घेताना कुणीतरी बोंब मारली, याची मान तिकडे वळली, आणि ते राहिलंच.

संग्रहालयापाशी मात्र तो तयारीनं गेला. तिथं तिकीट नाही, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही. पण दारावरच्या शिपायानं हात आडवा केला. “पिशवी, छत्री आत न्यायची नाही. तिकडे ठेवा.” तिकडे म्हणजे फडताळाशी ही गर्दी! आणि माझा भाऊ शेवटी माझा भाऊ, दुसऱ्याचं सामान उघड्यावर कसं टाकेल?

“द्या, मी धरतो,” तो म्हणाला.

“मग तुम्ही?”

“मी आहे की.”

यावेळी ती थांबली नाही. पिशवी दिली, छत्री दिली आणि गेली. तो एक तास पायरीवर उभा होता. तिची पिशवी हलकी होती. वर एक रुमाल आणि कागदात बांधलेलं काहीतरी खाण्याचं. दोन पुड्या होत्या. दोन, हे त्याला दिसलं. पिशवीचं तोंड त्यानं धरून ठेवलं, धूळ जायला नको म्हणून.

परत आल्यावर ती म्हणाली, “राजांचे कंगवे, राजांचे चमचे, कुणा राणीचा एक जोडा. माझ्याच खोलीसारखं आहे. फरक एवढाच, की ह्यांचं कुणी न्यायला येणार नाही, हे एकदाचं ठरून गेलंय.”

जेवायला त्यानं तिला त्याच्या नेहमीच्या हॉटेलात नेलं. त्याला दुसरं ठाऊकच नाही. बसच्या माणसांची जेवणं तिथंच होतात. पुढं मोठा हॉल पर्यटकांचा, मागं स्वयंपाकघराला लागून एक बाकडं ड्रायव्हर लोकांचं. मालक म्हणाला, “आज किती माणसं?” हा म्हणाला, “एक बाई आहेत.” पोऱ्यानं तिला हॉलमध्ये नेलं. हा हात धुवायला मागच्या नळावर गेला. नळाशेजारीच बाकडं. आचारी म्हणाला, “बस रे, गरम आहे.” दोन ड्रायव्हर सरकले, तिसऱ्यानं पाणी ओतलं, समोर ताट आलं. भात, तळलेली मासळी, बटाट्याचा रस्सा. हात ओला, पोटात भूक, समोर ताट. बसला आणि जेवायला लागला.

अर्धं ताट झाल्यावर शेजारचा म्हणाला, “आज कुठली गाडी?”

“आज सुट्टी आहे.”

“सुट्टी? मग इथं कशाला मरायला बसलास?”

घास तसाच तोंडात राहिला. अर्धं ताट उचलून तो हॉलमध्ये गेला. बारा माणसांच्या लांबलचक टेबलाशी ती एकटी. समोर भरलेलं ताट, हात न लावलेलं. शेजारच्या खुर्चीवर तिनं छत्री आडवी ठेवलेली, कुणी बसू नये म्हणून.

“गार झालं असेल,” तो म्हणाला.

“तुम्ही हात धुवायला गेला होतात ना. म्हटलं, येतील.” तिनं छत्री उचलली. मग तिची नजर त्याच्या ताटात गेली. माशाचे काटे एका बाजूला नीट काढून ठेवलेले होते. ती जेवायला लागली. यानं उरलेला भात कसा गिळला ते त्यालाच माहीत. खिळे गिळावेत तसा.

पण जेवणानंतर जरा बरं गेलं. जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून दोघं चालली. दगडी फरशी, वर सज्ज्यांत वाळत घातलेले कपडे, कुठंतरी शिवणयंत्राचा आवाज. तिनं पिशवीतल्या दोन पुड्या काढल्या, एक त्याला दिली. आत गोड पाव होता, घरी भाजलेला. तो रस्त्याच्या बाजूनं चालत होता, ती भिंतीच्या. एका दुकानाच्या काचेत तिला पितळी घंटा दिसली, ती बघायला ती थांबली, तर हाही थांबला. शेजारी उभं राहून एकाच काचेतून बघायचं, एवढंच, पण त्याला वाटलं, हे काही अवघड नाही. इतकी वर्षं आपण उगाच भ्यायलो. त्यानं घसा साफ केला.

“बाई...”

“काय?”

“इथं बस वळत नाही.”

“अच्छा,” ती म्हणाली.

आता शेवटचा राहिला मनोरा. ती म्हणाली, “हा किती तासाचा?” आणि तो तोंड उघडायच्या आत स्वतःच खिडकीशी जाऊन तिकीट घेऊन आली. एकच. रागानं नव्हे. एखाद्याची रीत कळल्यावर आपण त्याला उगाच त्रास देत नाही, तसं. “तुम्ही बाहेरच्या दाराशी ना?” म्हणाली, आणि गेली.

तो बाहेरच्या दाराशी उभा राहिला. आणि मग, मला अजून नवल वाटतं, तो तिथून हलला. खिडकीशी गेला. “एक द्या,” म्हणाला. खिडकीतला हसला, “कुणाला?” हा म्हणाला, “मला.”

मनोऱ्याला वर जायचा जिना वेगळा आणि उतरायचा वेगळा, हे त्याला कुठून ठाऊक असणार? त्याला मनोऱ्याचं फक्त शेवटचं दार ठाऊक. धापा टाकत तो वर पोचला. गच्चीवर वारा, कठड्याला टेकलेली माणसं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यानं सगळ्यांचे चेहरे बघितले. ती नव्हती.

मग त्यानं खाली बघितलं. खाली ते सगळं शहर होतं, ज्यात त्यानं लाखो माणसं आणून सोडली. किल्ला आतून हिरवा होता. हिरवा! बाहेरून नुसता काळा दगड. विहिरीचं गोल तोंड दिसत होतं. मोठं झाड, झाडाखालचा तेलाचा डाग. आणि मनोऱ्याच्या बाहेरच्या दारासमोर, जिथं तो रोज उभा असतो अगदी तिथं, एक एवढुशी बाई उभी होती. हातात छत्री.

ती डावीकडे बघत होती, उजवीकडे बघत होती. दारातून माणसं बाहेर पडत होती, आपापल्या माणसांना मिळून निघून जात होती. ती बाजूला सरकून त्यांना वाट देत होती. मग तिनं पिशवी खाली ठेवली. पुन्हा उचलली. वरून बघताना ती कुणीच नव्हती, एक ठिपका. आणि त्याला कळलं, तो स्वतः रोज असा दिसत असणार. वर कुणी ना कुणी असणारच. कुणी बघितलं असेल का कधी?

“अहो बाई!” तो ओरडला. शेजारची दहा माणसं वळली. ती वळली नाही.

तो उतरायला धावला, तर जिन्यात पुढं एक म्हातारं जोडपं, एकेका पायरीवर थांबून एकमेकांना हात देत. ओव्हरटेक करायला जागा नाही. आयुष्यभर घाटात बैलगाड्यांमागं तो शांत राहिला, पण त्या जिन्यात त्याला रडायला येत होतं. खाली आला तेव्हा ती तिथं नव्हती. बसथांब्यावरच्या रांगेत सापडली.

“मला वाटलं, गेलात,” ती म्हणाली.

“मी? तुम्हाला सोडून?”

“दिवसभर बाहेरच होतात. म्हटलं, कंटाळले असतील. शब्द दिला म्हणून आले असतील बिचारे.”

“तसं नाही हो बाई. ते... गाडीपाशी थांबायची सवय...”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “आज गाडी कुठाय?”

  बस आली. दोघं शेजारीशेजारी बसली. घाट उतरताना ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “उद्या सकाळी ताईला फोन करायचाय.”  खाली सपाटी लागेपर्यंत ती बाहेरच बघत होती. माझ्यासारखा असता तर त्या वेळात विचारून, होकार घेऊन, तारीख काढून मोकळा झाला असता. हा फळीवर पाय दाबत बसला. डेपोत उतरल्यावर ती म्हणाली, “बरं वाटलं शहर बघून.” आणि छत्री न उघडताच चालायला लागली.

संध्याकाळी तो दुकानात येऊन टायरवर बसला. माझी बायको पुढं, मी मागं. “विचारलंत?”

“मनोरा अर्ध्या तासाचा नाही, दादा,” तो म्हणाला. “जास्त आहे.”

मी तोंड सोडणार होतो, पण बायकोनं माझ्या हाताला धरलं. तो वर गेला. रेडिओ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचं जे झालं, ते मला त्यानं नाही सांगितलं. त्याच्या बसवरच्या गाइडनं सांगितलं, कॅन्टीनवाल्यानं सांगितलं, आणि आता अख्खा डेपो सांगतो, त्यामुळे खोटं म्हणायची कुणाची हिंमत नाही.

बस भरलेली होती. इंजिन सुरू. गाइडनं डोकी मोजून ‘चला’ म्हटलं होतं. समोर अंगणापलीकडे ती जाळीची खिडकी. काल सुट्टी, त्यामुळे जमा करायला हातात एक मफलरसुद्धा नव्हता, खिडकीशी जायला काही कारणच नाही. जाळीतून त्याला ती दिसत होती, फोन कानाला लावलेला, मान हलत होती.

त्यानं क्लच सोडला नाही. हँडब्रेक ओढला. दार उघडून खाली उतरला. किल्ली गाडीत, इंजिन चालू, माणसं आत. वीस वर्षांत जे झालं नाही ते. गाइड ओरडला, “अहो, कुठं निघालात?” हा थांबला नाही. खिडकीशीही थांबला नाही. बाजूचं दार, ज्यावर ‘आत येऊ नये’ लिहिलंय, ते ढकललं आणि आत गेला. कॅन्टीनवाला हातातलं दूध तसंच धरून दाराशी येऊन उभा राहिला, म्हणून पुढचं आपल्याला कळलं.

आत चहूबाजूंना छत्र्या टांगलेल्या. त्यांच्यात हा उभा, डोक्याला एक दांडा टेकलेला.

“काल मला आत यायचं होतं, बाई,” तो म्हणाला. “सगळीकडे. जाऊ नका. माझ्याकडे राहा.”

तिनं फोन कानापासून जरा लांब केला. आतून ताईचा आवाज येत होता.

“गाडी?” तिनं विचारलं.

“आहे तिथं.”

“चालू?”

“चालू.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग फोन पुन्हा कानाला लावला. “ताई, तू ठेव आता. इथं आत कुणीतरी आलंय... नाही, लगेच नाही जमायचं गं. वेळ लागेल.”

तिथं एकच खुर्ची होती, तीही छत्र्यांनी भरलेली. बाहेर प्रवाशांपैकी कुणीतरी पुढं येऊन हॉर्न दाबला, मग आणखी एकदा. आमच्या धाकट्यानं त्या छत्र्या दोन्ही हातांनी उचलल्या, भिंतीशी नीट रचून ठेवल्या, आणि बसला.